पेशींचा श्वास

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या ग्रंथालयाने या हैदराबाद शहरात शंभर वर्षे मराठी पुस्तकांची संगत राखली, त्याच्या व्यासपीठावरून विज्ञानातील एक विषय मांडण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. कथा, कादंबरी, नाटक आणि संतवाङ्मय यांच्या सहवासात रमणाऱ्या श्रोत्यांपुढे पेशीच्या रसायनाविषयी बोलायचे म्हणजे थोडे धाडसच आहे. परंतु ज्या विषयाशी प्रत्येकाचा प्राण निगडित आहे, तो कोणालाच परका नसावा, अशी माझी समजूत आहे.

आजच्या विषयाचे मूळ एका साध्या प्रश्नात आहे. माणूस अन्नावाचून काही आठवडे तग धरू शकतो. पाण्यावाचून काही दिवस निभावून नेतो. हवेवाचून मात्र काही मिनिटांतच सारे संपते. शरीराच्या या तीन गरजांच्या मुदतींमध्ये एवढे प्रचंड अंतर का असावे? २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ज्यांनी आपल्या माणसांसाठी प्राणवायूच्या सिलिंडरमागे धावपळ केली, बोटाला लावलेल्या छोट्याशा यंत्रावरचा आकडा रात्ररात्र न्याहाळला, त्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. त्याचे उत्तर फुफ्फुसांत सापडत नाही. ते शोधण्यासाठी पेशीच्या आत शिरावे लागते.

आरंभ शब्दापासूनच करू. 'प्राणवायू' हा शब्द आपल्या भाषेत इतका रुळला आहे, की प्राण या वायूतच साठवलेला असतो आणि श्वासाबरोबर तो शरीरात शिरतो, असे नकळत वाटू लागते. शब्द देखणा आहे, पण थोडासा चकवणाराही आहे. या बाबतीत मराठी एकटी नाही. 'ऑक्सिजन' हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए याने दिले आणि त्याचा अर्थ 'आम्ल उत्पन्न करणारा' असा आहे. प्रत्येक आम्लात हा वायू असलाच पाहिजे, अशी त्याची कल्पना होती. पुढे हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा मागमूसही नाही असे सिद्ध झाले, पण नाव मात्र कायम राहिले. एकाच वायूला दोन भाषांत दोन नावे मिळाली आणि दोन्ही नावांनी त्याचे खरे काम सांगितले नाही. ते काम कोणते, हाच माझ्या विवेचनाचा गाभा आहे.

लव्हाझिएचे ऋण मात्र फार मोठे आहे. १७८२–८३ च्या हिवाळ्यात त्याने आणि लाप्लास या गणितज्ञाने एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळले, ते त्यांनी मोजले. त्या प्राण्याच्या उच्छ्वासातून जेवढा कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो, तेवढाच वायू देणारा कोळसा जाळला तर किती बर्फ वितळते, तेही मोजले. दोन्ही आकडे बऱ्याच अंशी जुळले. श्वसन म्हणजे एक प्रकारचे संथ ज्वलन होय, हा निष्कर्ष त्यातून निघाला. जठराग्नी ही आपल्याकडची जुनी कल्पना. इथे तो अग्नी तराजूत घालून जोखला गेला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली लव्हाझिएला गिलोटिनखाली प्राण गमवावे लागले. हे ज्वलन फुफ्फुसांत होत असावे, असा त्याचा तर्क होता. ते शरीरातल्या प्रत्येक उतीत, पेशीपेशीत चालते, हे एकोणिसाव्या शतकात हळूहळू स्पष्ट झाले. फुफ्फुसे आणि रक्त हे केवळ पुरवठ्याचे मार्ग आहेत. खरा श्वास पेशी घेते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. आपल्याकडे घरोघरी रात्री दुधाला विरजण लावले जाते. सकाळपर्यंत दूध आळून दही होते. डाळ-तांदळाचे वाटलेले पीठ रात्रीतून फुगून वर येते आणि सकाळी त्याच्या इडल्या होतात. या दोन्ही ठिकाणी सूक्ष्म जीव साखर खाऊन जगत असतात, वाढत असतात, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा प्राणवायूच्या मदतीवाचून मिळवत असतात. दह्यातले जिवाणू दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दुधातले प्रथिन साकळते. या प्रकाराला शास्त्रात किण्वन म्हणतात. मानवजात हजारो वर्षे त्याचा उपयोग करीत आली, पण ते आहे तरी काय, हे कोणाला ठाऊक नव्हते.

त्याचा उलगडा करण्यास लुई पाश्चर याने प्रारंभ केला. १८५६ मध्ये तो फ्रान्समधील लील येथे प्राध्यापक असताना बीटपासून मद्यार्क बनवणारा एक कारखानदार त्याच्याकडे तक्रार घेऊन आला. काही पिंपांतले मद्यार्क बिघडत होते. पाश्चरने सूक्ष्मदर्शक लावला, आणि किण्वन हे जिवंत पेशींचे कार्य आहे, या निष्कर्षाप्रत तो आला. १८६१ पर्यंत त्याच्या ध्यानात आणखी दोन गोष्टी आल्या. काही सूक्ष्म जीवांना प्राणवायू लागत नाही एवढेच नव्हे, तर तो त्यांना मारक ठरतो. तसेच, यीस्टला भरपूर हवा मिळाली तर ते जोमाने वाढते आणि तुलनेने थोडी साखर खाते. हवा तोडली तर वाढ मंदावते, पण साखरेचा मात्र फडशा पडतो. या दुसऱ्या निरीक्षणाला आजही 'पाश्चर परिणाम' असे म्हणतात. त्याचा अर्थ सरळ आहे. हवेवाचून जगता येते, पण ते जगणे फार खर्चाचे असते.

पाश्चरचे मत असे होते, की किण्वन हे अखंड, जिवंत पेशीवाचून होणे शक्य नाही. या मताला धक्का दिला तो एदुआर्द बुख्नर या जर्मन शास्त्रज्ञाने, १८९७ साली. त्याने यीस्टच्या पेशी वाळूत घोटून फोडल्या आणि दाबून त्यांचा रस काढला. तो रस टिकावा म्हणून, आपण मुरांबा टिकावा म्हणून घालतो तशी, त्याने त्यात भरपूर साखर घातली. रस टिकणे दूरच, त्यातून बुडबुडे येऊ लागले! एकही जिवंत पेशी नसताना साखरेचे मद्यार्क होत होते. पेशीत जे घडते ते कोणत्या गूढ जीवनशक्तीने घडत नाही. ते विकरांमुळे, म्हणजेच एंझाइम नावाच्या पदार्थांमुळे घडते, आणि ते पदार्थ पेशीबाहेरही काम करतात, हे यातून दिसून आले. १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बुख्नरला मिळाले. जीवनाच्या रसायनशास्त्राचा पाया त्या साखर घातलेल्या रसात घातला गेला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुढच्या चार दशकांत अनेक प्रयोगशाळांनी मिळून ही प्रक्रिया पायरीपायरीने उलगडली. एम्डेन, मायरहोफ आणि पार्नास ही त्यांतली प्रमुख नावे. सर्व पायऱ्या सांगून मी आपणांस शिणवणार नाही. सारांश तेवढा सांगतो. ग्लुकोजच्या एका रेणूत सहा कार्बन अणू असतात. दहा टप्प्यांत त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. त्या तुकड्यांना पायरुविक आम्ल म्हणतात. या मोडतोडीतून थोडी ऊर्जा हाती लागते, आणि त्याच वेळी ग्लुकोजमधून काही इलेक्ट्रॉन मोकळे होतात.

हे इलेक्ट्रॉन हाच कळीचा मुद्दा आहे. त्यांना सुटे फिरता येत नाही. एनएडी नावाचे वाहक रेणू त्यांना उचलून नेतात. बांधकामावर मातीच्या पाट्या वाहणारे हमाल डोळ्यांपुढे आणा. हमाल मोजकेच आहेत. प्रत्येकाने पाटी भरली, पण ती रिकामी करायला जागाच नसेल, तर खोदणाऱ्याने कितीही माती खणली तरी काम थांबणारच. पेशीतही अगदी असेच होते. वाहक रेणू भरलेले राहिले, तर साखर समोर असूनही तिचे विघटन पुढे सरकत नाही. म्हणून पेशीला इलेक्ट्रॉन स्वीकारणारा कोणीतरी हवाच असतो.

प्राणवायू नसेल तेव्हा पेशी काटकसरीची युक्ती करते. ती पाट्या त्याच पायरुविक आम्लावर रिकाम्या करते, आणि त्याचे लॅक्टिक आम्ल होते. दह्यातले जिवाणू हेच करतात आणि जोराने पळताना आपले स्नायूही हेच करतात. यीस्ट त्या तुकड्यातून आधी कार्बन डायऑक्साइड काढून टाकते आणि उरलेल्या भागावर पाट्या रिकाम्या करते. त्याचे मद्यार्क होते. लॅक्टिक आम्ल काय किंवा मद्यार्क काय, पेशीच्या दृष्टीने तो माती टाकण्याचा खड्डा आहे. दह्याची आंबट चव आणि मद्याची धुंदी ही दोन्ही पेशीच्या एकाच नडीतून निघालेली आहेत. या मार्गात ग्लुकोजमधली बहुतेक सारी ऊर्जा त्या टाकाऊ पदार्थातच राहून जाते. मद्यार्क पेट घेतो, तो त्याच शिल्लक ऊर्जेमुळे.

पेशीच्या हाती पडणारी ऊर्जा कोणत्या स्वरूपात असते, हेही सांगायला हवे. कारण त्या शोधाशी एका तेलुगू शास्त्रज्ञाचे नाव जोडलेले आहे. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली भीमावरम येथे झाला. १९२३ मध्ये ते अमेरिकेत हार्वर्ड येथे गेले. तेथे सायरस फिस्क यांच्यासह त्यांनी १९२७ मध्ये स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन या पदार्थाचा आणि १९२९ मध्ये एटीपी या रेणूचा शोध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यानेही एटीपी स्वतंत्रपणे शोधला. एटीपी हे पेशीचे चलनी नाणे होय. अन्न म्हणजे गहू-तांदळाची पोती. ती घेऊन बाजारात प्रत्येक वस्तू विकत घेता येत नाही. आधी त्यांचे नाणे करावे लागते. स्नायूचे आकुंचन, मज्जातंतूतून जाणारा संदेश, नव्या प्रथिनाची बांधणी, या सर्वांची किंमत पेशी एटीपीच्या नाण्यांत चुकवते. सुब्बाराव १९४८ साली निवर्तले. भारतीय डाक खात्याने १९९५ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. तरीही त्यांचे नाव आपल्या घराघरांत पोहोचले नाही, याची खंत वाटते.

या नाण्यांतच हिशेब मांडू. प्राणवायूवाचून ग्लुकोजच्या एका रेणूमागे पेशीला निव्वळ दोन एटीपी मिळतात. प्राणवायू असेल तर सुमारे तीस. जुन्या क्रमिक पुस्तकांत छत्तीस किंवा अडतीस हा आकडा असे. नंतरच्या मापनांनी तो तीस-बत्तिसावर आणला आहे. काही झाले तरी फरक पंधरा पटींचा आहे. पाश्चरच्या यीस्टला हवेवाचून साखरेचा एवढा फडशा का पाडावा लागत होता, ते आता कळते.

ही वाढीव प्राप्ती होते कशी? पायरुविक आम्ल पेशीतल्या तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकाँड्रियांत शिरते. तेथे एका चक्राकार प्रक्रियेत त्याचे पूर्ण विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हे चक्र हान्स क्रेब्ज याने १९३७ मध्ये, पारव्याच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग करून, उलगडले. नाझी राजवटीने १९३३ मध्ये त्याला नोकरीतून काढल्यावर तो इंग्लंडच्या आश्रयाला आला होता. त्याचे टिपण 'नेचर' या विख्यात नियतकालिकाने जागेअभावी परत पाठवले, म्हणून ते दुसरीकडे प्रसिद्ध झाले. १९५३ चे नोबेल पारितोषिक मात्र त्याच कार्याला मिळाले.

या चक्रातून मोकळे होणारे इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलात बसवलेल्या प्रथिनांच्या साखळीवरून एकेक पायरी उतरत जातात. प्रत्येक उतारावर सुटणाऱ्या ऊर्जेने प्रोटॉन पटलाच्या एका बाजूकडून दुसरीकडे ढकलले जातात. नागार्जुनसागराच्या भिंतीआड पाणी साठावे, तसे ते पटलाआड साठतात. ते परत येतात ते एका सूक्ष्म चक्कीतून, आणि त्या चक्कीच्या फिरण्यावर एटीपी तयार होते. ही प्रोटॉनसाठ्याची कल्पना पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडली. अनेक वर्षे बहुतेकांनी ती मानली नाही. पण पुरावे साचत गेले आणि १९७८ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ती चक्की हा अलंकार नव्हे. जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये ती खरोखर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. सेकंदाला शंभराहून अधिक फेरे घेण्याची तिची क्षमता आहे.

आणि प्राणवायू? तो या साखळीच्या अगदी तळाशी उभा असतो. उतरून आलेले इलेक्ट्रॉन तो स्वीकारतो, त्यांना प्रोटॉनांची जोड मिळते आणि पाणी होते. आपण घेतलेल्या श्वासातला प्राणवायू उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधून बाहेर पडतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्याचे पेशीत पाणी होते; कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन येतो तो अन्नातून आणि पाण्यातून. उतारावरून येणारा माल प्राणवायू इतक्या ओढीने स्वीकारतो, की साखळीचा उतार चांगला खोल होतो आणि पुष्कळ ऊर्जा हाती येते. म्हणजे आपल्याला चालवणारी ऊर्जा अन्नाची असते. प्राणवायू ती घेऊन येत नाही. हमालांच्या पाट्या अखेरीस जिथे रिकाम्या होतात, ती जागा प्राणवायूची.

एकदा हे ध्यानात आले, की आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर हिशेबाने देता येते. मध्यम बांध्याच्या माणसाच्या अंगात दहा किलो चरबी सहज असते. तिच्यात सुमारे नव्वद हजार किलोकॅलरी ऊर्जा आहे. दिवसाला दोन हजार धरल्या, तरी तो साठा दीड महिना पुरेल. अन्नाची कोठारे अशी भरलेली आहेत. प्राणवायूचे कोठार किती? फुफ्फुसे आणि रक्त मिळून साधारण दीड लिटर. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला पाव लिटर वापरतो. ही सहा मिनिटांची बेगमी झाली, आणि तीही पुरती वापरता येत नाही. एटीपी साठवून ठेवावे, तर तेही शक्य नाही. शरीरातले सगळे एटीपी एका वेळी फार तर पाव किलो भरेल. दिवसभरात मात्र आपण जवळजवळ आपल्या वजनाइतके एटीपी खर्चतो आणि पुन्हा घडवतो. नाणी थोडी आणि फिरत अखंड, असा हा व्यवहार आहे.

यात आणखी एक मेख आहे. चरबीचे किण्वन होत नाही. तिच्यातली ऊर्जा सोडवण्यासाठी प्राणवायू लागतोच. त्यामुळे श्वास थांबल्यावर ती भरलेली कोठारे असून नसल्यासारखी होतात. उरते फक्त साखर, आणि तिचेही दोनच एटीपी. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असतो, पण वीस टक्के प्राणवायू वापरतो आणि साखरेचा साठा जवळजवळ करीतच नाही. त्याचा रक्तपुरवठा थांबला, की दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. एटीपी संपले, की पेशीच्या आवरणातले क्षारांचे पंप बंद पडतात, सोडियम आणि कॅल्शियम आत घुसतात, पेशी फुगतात आणि चार-सहा मिनिटांत कायमची हानी होऊ लागते. हे मरण उपासमारीचे नाही. कोठार भरलेले असताना पेशींना येणारे हे मरण आहे.

प्राणवायूवाचूनचा मार्ग मग निरुपयोगी समजावा काय? मुळीच नाही. तो फार प्राचीन आहे. पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू जमू लागला तो सुमारे दोनशे चाळीस कोटी वर्षांपूर्वी. जीवसृष्टी त्याच्या कितीतरी आधीपासून होती आणि त्या वायूवाचूनच जगत होती. तो वायू वापरण्याची कला काही जिवाणूंनी आत्मसात केली. त्यांतल्याच काहींचे वंशज आज आपल्या पेशींत तंतुकणिका होऊन राहिले आहेत, हे मत १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी हिरिरीने मांडले आणि ते आता सर्वमान्य आहे. तंतुकणिकांना स्वतःची वेगळी गुणसूत्रीय सामग्री असते, आणि ती आपल्याला आईकडूनच मिळते.

शिवाय तो मार्ग वेगवान आहे. शंभर मीटर धावणारा खेळाडू पहिल्या काही सेकंदांत साठलेल्या एटीपीवर आणि सुब्बारावांच्या फॉस्फोक्रिएटिनवर, आणि मग मुख्यतः ग्लुकोजच्या किण्वनावर धावतो. तेवढ्या वेळात रक्ताने प्राणवायू पुरवणे शक्यच नसते. त्यात तयार होणारे लॅक्टिक आम्लही वाया जात नाही. हृदय ते इंधन म्हणून वापरते आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज करते. यकृत आणि स्नायू यांच्यामधला हा फेरा कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने उलगडला. त्यांना १९४७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते या आम्लामुळे, हा समज चुकीचा आहे. तासा-दीड तासात ते रक्तातून निघून गेलेले असते. दुखणे असते ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचे.

सर्वांत नवलाची गोष्ट तांबड्या रक्तपेशींची. शरीरभर प्राणवायू वाहून नेणाऱ्या या पेशी स्वतः त्यातला कणभरही ऊर्जेसाठी वापरत नाहीत. त्यांच्यात तंतुकणिकाच नसतात. त्या केवळ किण्वनावर जगतात. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली आपल्या सिकंदराबादेत डासाच्या शरीरात हिवतापाचा जंतू पाहिला. बुख्नरच्या प्रयोगाचेही तेच वर्ष. हा जंतू माणसाच्या तांबड्या पेशीत वाढतो, तेव्हा तोही प्रामुख्याने ग्लुकोजच्या किण्वनावरच जगतो. तीव्र हिवतापात रोग्याच्या रक्तातली साखर घटते आणि लॅक्टिक आम्ल वाढते, त्याचे हे एक कारण आहे.

या ज्ञानाचा व्यवहारात काय उपयोग, असे कोणी विचारील. प्राणवायूची वाट तीन ठिकाणी तुटू शकते. ती फुफ्फुसांत तुटते, हे आपण २०२१ मध्ये पाहिले. ती रक्तात तुटू शकते. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू असला, तर अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट ओढीने जखडतो. त्याला वास नाही, रंग नाही. बोटाला लावायचे यंत्र हा फरक ओळखत नाही आणि आकडा चांगलाच दाखवीत राहते. म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा. तिसरी जागा पेशीतली. सायनाइड हे विष साखळीच्या अखेरच्या प्रथिनाला निकामी करते. रक्त प्राणवायूने ओतप्रोत असते, पेशीच्या दाराशी तो येऊन उभा असतो, पण माल त्याच्या हाती सोपवणाराच उरत नाही. अतिदक्षता विभागात गंभीर रोग्याच्या रक्तातील लॅक्टिक आम्ल वारंवार मोजतात, तेही याच कारणाने. पेशींची अडचण पुष्कळदा त्या आकड्यावरून आधी कळते.

'प्राणवायूयुक्त पाणी' म्हणून बाटल्या विकल्या जातात, त्यांविषयीही एक वाक्य सांगतो. आपल्या एका साध्या श्वासात सुमारे शंभर मिलिलिटर प्राणवायू असतो. लिटरभर साध्या पाण्यात तो सहा-सात मिलिलिटर विरघळतो. दडपून कितीही भरला, तरी चार दीर्घ श्वासांची बरोबरी त्या बाटलीला करता येणार नाही. शिवाय माणूस काही पोटाने श्वास घेत नाही.

शेवटी एकच विनंती. कोणाचे हृदय अकस्मात थांबले आणि श्वास बंद पडला, तर त्याच्या मेंदूपाशी मी मघाशी सांगितलेली ती चार-सहा मिनिटेच असतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तेवढ्यात पोहोचेलच असे नाही. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहिले, तर रक्तात उरलेला प्राणवायू मेंदूपर्यंत पोहोचत राहतो. साखळी पूर्ण थांबत नाही. हे तंत्र अर्ध्या दिवसात शिकता येते. ग्रंथालयाने आपल्या सभासदांसाठी त्याचे वर्ग भरवावेत, असे मी पदाधिकाऱ्यांना आग्रहाने सुचवतो. शंभर वर्षे वाचकांची जिज्ञासा जागती ठेवणाऱ्या संस्थेला हे काम अवघड नाही.

'प्राणवायू' हा शब्द आपण टाकून द्यावा, असे मी म्हणणार नाही. तो आपला आहे आणि गोड आहे. तो उच्चारताना या वायूचे नेमके काम ध्यानात राहिले, तर तो अधिक सार्थ होईल.